आठ चॅनलचं गॅस अलार्म पॅनेल: वायरिंगपासून रिले लॉजिकपर्यंत

गॅस डिटेक्शन पॅनेल ओळखतं ते फक्त करंट. डिटेक्टर अमोनियाचा असो, एलपीजीचा असो की हायड्रोजन सल्फाइडचा, तारेतून पॅनेलपर्यंत पोचतात ते ४ ते २० मिलिॲम्प. किती मिलिॲम्प म्हणजे किती पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग), कुठल्या आकड्याला हूटर वाजवायचा आणि कुठल्या आकड्याला कॉम्प्रेसर बंद करायचा, हे आपण त्याला शिकवायचं असतं. शिकवताना चूक झाली तरी पॅनेल कुरकुर करत नाही. हिरवा दिवा लावून चुकीचा आकडा बिनदिक्कत दाखवत बसतं. म्हणून मेनूत कुठलं बटण दाबायचं एवढं पाठ करून भागत नाही. त्या बटणाने आत काय बदलतं हेही माहीत हवं.

उदाहरणासाठी मध्यम आकाराची दूध डेअरी घेऊ. पश्चिम महाराष्ट्रात अशा डेअऱ्या पुष्कळ आहेत आणि एकाच आवारात तीन वेगवेगळ्या स्वभावाचे गॅस सापडतात: रेफ्रिजरेशनचा अमोनिया, खवा-पेढा विभागाचा एलपीजी आणि ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) सम्पमधला, म्हणजे सांडपाण्याच्या हौदातला, हायड्रोजन सल्फाइड. पॅनेल आठ चॅनलचं, ४-२० मिलिॲम्प इनपुटचं. सोळा चॅनलचं असलं तरी रीत तीच. मेनूतली नावं कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तुमच्या पॅनेलचं मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा.

आधी कागद, मग मेनू

पॅनेलचं दार उघडण्याआधी एका कागदावर चॅनलची यादी करा. आपल्या डेअरीची यादी अशी:

चॅनल १, २, ३: कॉम्प्रेसर रूम. अमोनिया, ० ते ५०० पीपीएम. पहिला अलार्म २५, दुसरा १५०.
चॅनल ४: लोण्याचं कोल्ड स्टोअर. अमोनिया, ० ते १०० पीपीएम. पहिला २५, दुसरा ३५.
चॅनल ५: आइस बँक टँकला लागून असलेला पाउच पॅकिंग हॉल. अमोनिया, ० ते १०० पीपीएम. पहिला २५, दुसरा ३५.
चॅनल ६: खवा विभागाची एलपीजी बँक (सिलिंडरांची रांग). ० ते १०० टक्के एलईएल. पहिला २०, दुसरा ४०.
चॅनल ७: ईटीपीचा सम्प. हायड्रोजन सल्फाइड, ० ते ५० पीपीएम. पहिला ५, दुसरा १०.
चॅनल ८: रिकामं.

हे आकडे कुठून आले? २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत अमोनियासाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा २५ पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठीची ३५ पीपीएम दिली होती. कोल्ड स्टोअर आणि पॅकिंग हॉलमध्ये माणसं पूर्ण पाळी काम करतात, म्हणून तिथे हेच दोन आकडे घेतले. कॉम्प्रेसर रूममध्ये ऑपरेटर येऊन-जाऊन असतो आणि दुसऱ्या अलार्मला मोठी कारवाई जोडायची आहे, म्हणून तिथे १५०. अमोनियाची ताबडतोब जिवाला धोका असणारी पातळी ३०० पीपीएम मानली जाते. तिच्या निम्म्यावर पंखे सुरू होऊन माणसं बाहेर पडलेली असावीत.

हायड्रोजन सल्फाइडसाठी त्याच अनुसूचीत १० आणि १५ होते. मी ५ आणि १० ठेवतो, कारण हा गॅस नाकाला फसवतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, शंभर पीपीएमच्या आसपास गेला की वास येणंच थांबतं आणि आत उतरलेल्याला वाटतं, गॅस गेला. ईटीपीच्या सम्पवर उदार व्हायचं कारण नाही.

एलपीजीचं एकक वेगळं. हवेत साधारण २ टक्के एलपीजी झाला की मिश्रण पेट घेऊ शकतं. ही खालची मर्यादा म्हणजे १०० टक्के एलईएल. २० टक्के एलईएल म्हणजे हवेत सुमारे ०.४ टक्के, पीपीएममध्ये चार हजार. कोणी विचारलं की अमोनियाला २५ आणि एलपीजीला २० असं जवळजवळ सारखंच का, तर त्याला हा हिशेब दाखवा. आकडे शेजारी-शेजारी दिसले तरी त्यांची मोजपट्टी एक नाही.

डिटेक्टर कुठे बसवायचा हेही याच कागदावर लिहा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीपासून फूटभर उंचीवर. अमोनिया हलका, म्हणून छताजवळ, कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलच्या आणि व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला. मात्र द्रव अमोनिया फुटून आला तर थंड धुकं होऊन आधी खालीच पसरतो, त्यामुळे तीनपैकी रिसीव्हरजवळचा डिटेक्टर मी थोडा खाली घेतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा किंचित जड. सम्पच्या तोंडाजवळ, पण पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत असा. डेअरीत प्रेशरच्या पाइपने सगळं धुतलं जातं, त्यामुळे प्रत्येक डिटेक्टरला स्प्लॅश गार्ड हवाच.

वायरिंग: व्होल्टेज कुठे हरवतं

पॅनेल सुरक्षित जागेत, म्हणजे कंट्रोल रूममध्ये. एलपीजी बँकेवरचा डिटेक्टर फ्लेमप्रूफ (आतला भडका बाहेर जाऊ न देणारा) आणि पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, मान्यता असलेला. या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे आणि तिची मान्यता नसलेलं उपकरण धोकादायक क्षेत्रात लावता येत नाही. ग्लँडही (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली जोडणी) त्याच दर्जाचा घ्या. साधा ग्लँड लावला की फ्लेमप्रूफ बॉक्सचा फ्लेमप्रूफपणा संपला.

केबल शिल्डेड. शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा, डिटेक्टरच्या टोकाला कापून टेप लावा. दोन्हीकडे अर्थ केली तर शिल्डमधूनच करंट फिरतो आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडे नाचतात. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलच्या ट्रेमधून ही केबल नेऊ नका.

आता जाडी. एलपीजीचा कॅटॅलिटिक डिटेक्टर (तापलेल्या मण्यावर गॅस जाळून मोजणारा) अमोनिया-हायड्रोजन सल्फाइडच्या इलेक्ट्रोकेमिकलपेक्षा (रासायनिक सेलने मोजणाऱ्यापेक्षा) जास्त करंट खातो. २५० मिलिॲम्प धरू. बँक कंपाउंडच्या टोकाला, ३५० मीटर लांब. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, जाऊन-येऊन २४.२. म्हणजे ३५० मीटरला साधारण ८.५ ओहम आणि २५० मिलिॲम्पला सुमारे २.१ व्होल्टची घट. २४ मधून २२ उरले, ठीक. हीच केबल कोणी स्वस्तात ०.५ चौरस मिलिमीटरची टाकली तर घट सव्वासहा व्होल्टच्या वर जाते आणि डिटेक्टरला पावणेअठरा मिळतात. मेन सप्लायवर कदाचित चालेलही. लाइट गेली, पॅनेल बॅटरीवर आलं आणि बॅटरी २१ व्होल्टवर उतरली की डिटेक्टरला पंधराही मिळत नाहीत. मग फॉल्ट येतो तो नेमका लाइट गेल्यावर. असे ‘भुताटकीचे’ फॉल्ट बहुतेक वेळा केबलच्या बिलात सापडतात.

टर्मिनलवर तीन तारा: अधिक २४, सिग्नल, शून्य. इथे एक जंपर किंवा डिप स्विच असतो, सोर्स आणि सिंक असा. सोर्स प्रकारचा डिटेक्टर सिग्नलच्या तारेतून करंट बाहेर ढकलतो, सिंक प्रकारचा पॅनेलकडून आत ओढतो. जंपर उलटा असेल तर चॅनल एकतर फॉल्टमध्ये राहतं किंवा सतत ओव्हररेंज दाखवतं. डिटेक्टरची डेटाशीट बघा आणि प्रत्येक चॅनलचा जंपर वेगळा तपासा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक सापडतो.

रेंज: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

हिशेब साधा आहे. करंटमधून ४ वजा करा, १६ ने भागा, रेंजने गुणा. ० ते ५०० च्या डिटेक्टरकडून ८ मिलिॲम्प आले तर ८ वजा ४ म्हणजे ४. भागिले १६ म्हणजे ०.२५; गुणिले ५०० म्हणजे १२५ पीपीएम.

पण हे ५०० पॅनेलला कोणी सांगितलं? आपणच. डिटेक्टर स्वतःची रेंज पॅनेलला कळवत नाही. आपल्या डेअरीत अमोनियाच्याच दोन रेंज आहेत, ५०० आणि १००. समजा चॅनल ४ ची सेटिंग्ज कॉपी करून कोणी चॅनल २ वर टाकली. कॉपी-पेस्टची सोय असलेल्या पॅनेलवर हे सहज होतं. आता डिटेक्टर ० ते ५०० चा आणि पॅनेल समजतंय ० ते १००. कॉम्प्रेसर रूममध्ये १०० पीपीएम अमोनिया साठला. डिटेक्टरने ७.२ मिलिॲम्प बरोबर पाठवले. पॅनेल हिशेब करतं: ३.२ भागिले १६ गुणिले १००, म्हणजे २० पीपीएम. पहिला अलार्म २५ ला. हूटर गप्प, हिरवा दिवा चालू, डोळ्यांतून पाणी काढणारा ऑपरेटर मात्र बाहेर धावतोय.

उलटी चूक, म्हणजे डिटेक्टर १०० चा आणि पॅनेलवर ५००, त्या मानाने बरी. ती खोटा अलार्म देते आणि लगेच पकडली जाते. पहिली चूक वर्षानुवर्षं झाकून राहू शकते, कारण शून्याला दोन्ही रेंज सारख्याच. ४ मिलिॲम्प म्हणजे शून्य, रेंज काहीही असो. म्हणून ‘सगळी चॅनल शून्य दाखवतायत, म्हणजे बरोबर आहेत’ हा निष्कर्ष काढू नका.

क्रम असा ठेवा:

१. सुपरवायझर पासवर्डने आत जा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला. तो मॅन्युअलच्या पानावर छापलेला असतो, म्हणजे सगळ्यांना माहीत असतो.

२. चॅनल सुरू करा, नाव द्या. ‘चॅनल २’ असं नाव ठेवू नका. रात्रपाळीच्या गार्डला जागा कळायला हवी: कॉम्प्रेसर रूम उत्तर, ईटीपी सम्प. अक्षरं कमी बसतात, तेव्हा जागा आधी, गॅस नंतर.

३. एकक, दशांश, खालची रेंज, वरची रेंज. रेंज डिटेक्टरच्या नेमप्लेटवरून वाचा, पर्चेस ऑर्डरवरून नाही. ऑर्डर एक आणि आलेला माल दुसरा, असं होतं.

४. फॉल्टच्या मर्यादा. प्रचलित पद्धतीत ३.६ मिलिॲम्पच्या खाली आणि २१ च्या वर फॉल्ट धरतात. पण काही डिटेक्टर कॅलिब्रेशनच्या वेळी मुद्दाम ३ मिलिॲम्प किंवा तसाच ठरावीक करंट पाठवतात. पॅनेलमध्ये इनहिबिटचा (चॅनलचे अलार्म तात्पुरते थांबवण्याचा) पट्टा वेगळा ठरवता येत असेल तर तो डेटाशीटप्रमाणे भरा, नाहीतर दर कॅलिब्रेशनला फॉल्टचा हूटर वाजेल.

५. लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा करंट देणारं उपकरण) जोडा आणि ४, ८, १२, १६, २० मिलिॲम्प द्या. ५०० च्या चॅनलवर ०, १२५, २५०, ३७५, ५०० दिसलं पाहिजे. ५० च्या चॅनलवर ०, १२.५, २५, ३७.५, ५०. प्रत्येक चॅनलवर पाचही आकडे लिहून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण वरची झाकलेली चूक इथेच उघडी पडते.

कॅलिब्रेटर नसेल तर चालू लूपमधला करंट मल्टिमीटरने बघता येतो. तार काढून मीटर सिरीजमध्ये घालण्यापेक्षा इनपुटच्या रोधावरचं व्होल्टेज मोजा. २५० ओहमचा रोध असेल तर ४ मिलिॲम्पला १ व्होल्ट, २० ला ५ व्होल्ट. तार काढली की त्या क्षणी फॉल्ट येणार, आणि फॉल्ट ट्रिपला जोडलेला असेल तर कॉम्प्रेसर थांबणार.

शून्याजवळचे आकडे दाबून टाकण्याची एक सोय काही पॅनेलमध्ये असते: रेंजच्या दोन-तीन टक्क्यांखालचं सगळं शून्य दाखवा. तेवढ्यापुरती ठीक. सेन्सर सरकलाय हे लपवायला ती पाच-दहा टक्क्यांवर नेलेली दिसली तर आधी सेन्सर बदला.

अलार्मची वागणूक

सेट पॉइंट भरला की पुढचे चार प्रश्न असतात, आणि बहुतेक जण ते डिफॉल्टवर सोडून देतात.

वाढता की घटता? विषारी आणि ज्वलनशील गॅस नेहमी वाढता. ऑक्सिजनचा डिटेक्टर असेल तर एक घटता अलार्म १९.५ टक्क्यांना आणि एक वाढता २३.५ ला. ऑक्सिजनच्या चॅनलवर दोन्ही अलार्म वाढते राहिले तर १९.५ चा अलार्म साध्या हवेतच वाजत राहतो आणि ऑक्सिजन खरोखर कमी झाला की गप्प होतो.

लॅच (रिसेट करेपर्यंत अलार्म धरून ठेवणं) की बिनलॅच? दुसरा अलार्म कायम लॅच ठेवा. रात्री दोन वाजता गॅस आला आणि गेला, तर सकाळी कोणालातरी ते दिसलं पाहिजे. पहिला अलार्म बिनलॅच चालेल; गॅस उतरला की दिवा आपोआप विझेल, नोंद लॉगमध्ये राहीलच.

हिस्टेरेसिस (वाजण्याच्या आणि सुटण्याच्या आकड्यांतलं अंतर) किती? २५ ला वाजला तर २२ च्या खाली गेल्यावर सुटावा. हे शून्य ठेवलं तर २५ च्या आसपास रिले टकटक करत बसतो आणि कॉन्टॅक्टर जळतो.

विलंब किती? कॅटॅलिटिकला काहीच नको, विषारी गॅसला फार तर पाच सेकंद. विलंब साठ सेकंदांवर नेलेला दिसला की समजा, कधीकाळी खोट्या अलार्मने कोणीतरी वैतागलं होतं आणि त्याने कारण शोधण्याऐवजी आवाज बंद केला.

कॉम्प्रेसरचं ऑइल ड्रेन करताना पहिला अलार्म हमखास वाजतो. त्यावर उपाय म्हणून सेट पॉइंट ५० वर नेणं किंवा तेवढा वेळ चॅनल इनहिबिट करणं, दोन्ही चूक. ऑइल ड्रेन हे अमोनिया सुटण्याचं जुनं आणि नेहमीचं निमित्त आहे. नेमक्या त्या अर्ध्या तासात डिटेक्टर जागा हवा. वाजू द्या. कंट्रोल रूमला आधी कळवा, मास्क लावा, काम करा.

रिले: एनओ-एनसीचा गोंधळ

कोण वाजलं की काय व्हायला हवं याचा तक्ता आधी करा. आपल्या डेअरीत तो असा: कुठलाही पहिला अलार्म आला की त्या विभागाचा दिवा आणि हूटर. कॉम्प्रेसर रूममध्ये कुठलाही एक डिटेक्टर १५० ला गेला की एक्झॉस्ट पंखे आणि बाहेर पडण्याचा सायरन. तीनपैकी दोन १५० ला गेले की कॉम्प्रेसर ट्रिप आणि लिक्विड लाइनचा सोलेनॉइड (वीज असेपर्यंत उघडा राहणारा व्हॉल्व्ह) बंद. एलपीजी ४० ला गेला की बँकेचा शट-ऑफ व्हॉल्व्ह बंद. ईटीपीला पहिल्याच अलार्मला सम्पच्या तोंडाशी दिवा, म्हणजे कोणी उतरणार नाही.

तीनपैकी दोन ही अट फक्त ट्रिपसाठी, पंख्यासाठी नाही. पंखा उगाच चालला तर थोडी वीज जाते. कॉम्प्रेसर उगाच थांबला तर टाकीतलं दूध तापायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ट्रिपची तारच काढून ठेवतं. अट घालताना फॉल्टमध्ये गेलेला डिटेक्टर मतदानात कसा धरायचा हेही मेनूत विचारतात. मी त्याला अलार्मचं मत समजतो. म्हणजे एक डिटेक्टर बिघडलेला असताना उरलेल्या दोघांपैकी एकानेही १५० गाठले तरी ट्रिप. याचा फायदा असा की बिघडलेला डिटेक्टर दोन महिने तसाच ठेवायची कोणाची हिंमत होत नाही.

आता गोंधळाची जागा. प्रत्येक रिलेला ‘नॉर्मली एनर्जाइज्ड’ की ‘नॉर्मली डी-एनर्जाइज्ड’ असा पर्याय असतो. टर्मिनलवर छापलेलं एनओ (नॉर्मली ओपन, तुटलेला) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड, जोडलेला) हे रिलेची कॉइल बंद असतानाचं वर्णन आहे. ट्रिपचा रिले नॉर्मली एनर्जाइज्ड ठेवला, तर सगळं ठीक असताना कॉइल चालू असते, म्हणजे कॉमन आणि एनओ एकमेकांना जोडलेले असतात. सोलेनॉइडची तार याच कॉमन-एनओ मधून न्या. अलार्म आला, पॅनेलचा फ्यूज गेला किंवा तार तुटली, तिन्ही वेळा सोलेनॉइडचा सप्लाय जातो आणि व्हॉल्व्ह मिटतो. इलेक्ट्रिशियन सवयीने ‘नेहमी बंद असतो तो एनसी’ म्हणून एनसीवर तार लावतो. मग पॅनेल चालू केल्या-केल्या सोलेनॉइड मिटतो आणि कोणीतरी सेटिंग उलटं करून काम भागवतं. दिसायला सगळं चालतं, पण फेल-सेफपणा गेलेला असतो. तपासायला सोपं आहे: पॅनेलचा मेन आणि बॅटरी दोन्ही बंद करा. सोलेनॉइड मिटला तर वायरिंग बरोबर.

याची किंमतही माहीत असू द्या. पॅनेलची वीज गेली की प्लँट थांबणार. म्हणून पॅनेलला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर हवाच. मालकाने बॅटरी वाचवायचं म्हटलं तर त्याला हा एक मुद्दा पुरतो. हूटर मात्र डी-एनर्जाइज्ड ठेवला तरी चालतो. फॉल्टचा रिले नेहमी एनर्जाइज्ड, आणि त्याची तार अशा जागी जिथे चोवीस तास माणूस असतो. डेअरीत ती जागा बहुधा सिक्युरिटी केबिन.

रिलेच्या कॉन्टॅक्टवर ५ अँपिअर लिहिलेलं असलं तरी त्यावर पंख्याची मोटर थेट लावू नका. तो आकडा हीटर-दिव्यासारख्या लोडसाठी असतो. रिलेने कॉन्टॅक्टर चालवा, कॉन्टॅक्टरने मोटर, आणि कॉइलवर स्नबर (कॉइल सुटतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) लावा.

स्काडाला (प्लँटवर संगणकाने देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेला) जोडायचं असेल तर आरएस-४८५ वर मॉडबस. दोन्ही टोकांना १२० ओहम, बॉड रेट आणि पॅरिटी दोन्हीकडे सारखे, स्लेव्ह क्रमांक वेगळा. वाचन एका चॅनलने सरकलेलं दिसलं तर रजिस्टरची मोजणी कोणी शून्यापासून आणि कोणी एकापासून धरली आहे ते बघा. आणि ट्रिप कधीही स्काडावरून नेऊ नका, ती पॅनेलच्या रिलेतून तारेनेच न्या.

गॅस लावून बघा

करंट देऊन पॅनेल तपासलं. डिटेक्टरला गॅस लागला की तो करंट येतो का, हे अजून तपासायचंच आहे.

दोन जागी कॅलिब्रेशन करता येतं, डिटेक्टरवर आणि पॅनेलवर, आणि इथे शिस्त पाळा: गॅसचं कॅलिब्रेशन फक्त डिटेक्टरवर, पॅनेलवर फक्त करंटचं. गॅस लावून पॅनेलचा स्पॅन (वरच्या टोकाचं माप) ओढून आकडा जुळवला, की पुढच्या वेळी डिटेक्टर बदलल्यावर त्या ओढलेल्या स्पॅनने नवा डिटेक्टर चुकीचा दिसतो आणि कोणालाच कारण सापडत नाही.

चॅनल इनहिबिट करा. पॅनेलवर इनहिबिटचा दिवा लागला आणि रिले थांबले याची खात्री करा. स्वच्छ हवेत शून्य बघा; कॉम्प्रेसर रूमची हवा स्वच्छ धरू नका, शून्यासाठी सिलिंडरमधली हवा वापरा. मग कॅलिब्रेशन कॅप लावून मिनिटाला अर्धा किंवा एक लिटर, जे डेटाशीटमध्ये असेल त्या प्रवाहाने गॅस द्या. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड रबरी नळीला चिकटतात, त्यामुळे नळी टेफ्लॉनची आणि हातभर लांब. सिलिंडरची मुदत बघा. मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये गॅस लिहिलेल्यापेक्षा कमी असतो, आणि त्याच्याशी जुळवून घेतलेला डिटेक्टर खऱ्या गळतीला वाढवून दाखवतो.

एलपीजीचा डिटेक्टर मिथेनने कॅलिब्रेट करत असाल तर उत्पादकाने दिलेला गुणक वापरा, नाहीतर प्रोपेनचाच सिलिंडर घ्या. कॅटॅलिटिक सेन्सरला प्रोपेनपेक्षा मिथेनचा प्रतिसाद जास्त असतो, म्हणून गुणक विसरलात तर एलपीजी आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

सिगारेटचा लायटर सेन्सरला लावून ‘टेस्ट’ करण्याची पद्धत सर्रास दिसते. पॅनेल शंभरावर जातं, बघणारे खूश होतात. पण त्यातून २० टक्क्यांना डिटेक्टर काय दाखवतो ते कळत नाही आणि एकदम आलेल्या गॅसने मणी कमजोर होतो तो वेगळाच. अमोनियाची बाटली उघडून सेन्सरखाली धरणंही तसंच. अमोनियाची इलेक्ट्रोकेमिकल सेल जितका गॅस खाते तितकं तिचं आयुष्य कमी होतं.

कॅप काढा, आकडा उतरू द्या आणि मगच इनहिबिट काढा. इनहिबिट तसाच राहून जाणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक; पॅनेलमध्ये इनहिबिट आपोआप सुटण्याची वेळ ठरवता येत असेल तर ती जरूर ठरवा. शेवटी इनहिबिट न करता एकदा पूर्ण साखळी चालवा: गॅस लावा, हूटर, पंखा, सोलेनॉइड, सगळं खरोखर होऊ द्या. डेअरीत यासाठी सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे सकाळचं दूध थंड होऊन गेल्यानंतरची दुपार.

महिन्याला एकदा नुसता गॅस दाखवून प्रतिसाद बघा आणि तीन ते सहा महिन्यांनी पूर्ण कॅलिब्रेशन करा.

रोजची पाळी

ऑपरेटरला तीनच बटणं शिकवा. ॲकनॉलेज म्हणजे मला कळलं; हूटर थांबतो, दिवा राहतो, रिले आपापलं काम करत राहतात. रिसेट म्हणजे लॅच सोड. गॅस उतरल्याशिवाय तो होणारच नाही, आणि रिसेट करण्याआधी कुठलं चॅनल आधी वाजलं ते वहीत लिहायचं. टेस्ट म्हणजे दिवे आणि हूटर तपास. पाळी सुरू होताना एकदा. एका चॅनलचा अलार्म ॲकनॉलेज केल्यावर दुसरं चॅनल वाजलं तर हूटर पुन्हा सुरू व्हायला हवा, हे पॅनेल घेतल्या-घेतल्या तपासून घ्या.

ओव्हररेंजवर विशेष लक्ष. एलपीजी फार झाला की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो आणि कॅटॅलिटिक सेन्सरचा आकडा उलट खाली येतो. शंभरावर जाऊन वीसवर उतरलेलं चॅनल म्हणजे गळती थांबली असं नाही. म्हणून ओव्हररेंजही लॅच ठेवा आणि हातातल्या मीटरने बाहेरून आत मोजत गेल्याशिवाय रिसेट करू नका.

फॉल्ट आला तर

आधी करंट मोजा, मग विचार करा. शून्य मिलिॲम्प: तार तुटली, फ्यूज गेला किंवा डिटेक्टरला सप्लाय नाही. एक-दोन मिलिॲम्प: डिटेक्टर जिवंत आहे आणि स्वतःचा बिघाड कळवतोय, त्याच्या डिस्प्लेवर कोड बघा. ३.७-३.८ वर अडकलेला: सेन्सर शून्याखाली सरकलाय. २१ च्या वर: ओव्हररेंज, नाहीतर सिग्नल आणि अधिक २४ यांच्यात शॉर्ट. पावसाळ्यात ग्लँडमधून पाणी शिरलं की हा शेवटचा प्रकार दिसतो. एलपीजी बँकेवरचा डिटेक्टर उघडायचा तर आधी सप्लाय बंद, मग झाकण.

बरोबर ४.०० मिलिॲम्प, महिनोन्‌महिने, जराही न हलता: हा फॉल्ट पॅनेल दाखवत नाही, तो आपण शोधायचा. इलेक्ट्रोकेमिकल सेल वाळली की शून्यच देत राहते. कॅटॅलिटिकला सिलिकोनची बाधा झाली तरी तेच. सिलिकोन सीलंट आणि स्प्रे त्याच्या आसपास वापरू देऊ नका. यावर गॅस दाखवण्याशिवाय दुसरी परीक्षा नाही.

राहिलं चॅनल ८. रिकामं आहे म्हणून ते सारखं फॉल्ट दाखवतं, आणि फॉल्टचा दिवा विझवायला कोणीतरी टर्मिनलवर ५.६ किलोओहमचा रोध लावतं. २४ व्होल्टवर त्यातून सव्वाचार मिलिॲम्पच्या आत-बाहेर करंट जातो आणि चॅनल छान शून्याजवळ दाखवायला लागतं. पुढे कोणी त्या चॅनलला नाव देऊन टाकलं की पॅनेलवर आठ डिटेक्टर दिसतात आणि प्लँटमध्ये सात असतात. रोध काढा, मेनूत जाऊन चॅनल बंद करा आणि दाराच्या आतल्या यादीवर त्याच्यापुढे ‘रिकामं’ लिहा.